माळावरचा तरवड: ओळखायचा कसा, लावायचा कसा

कमी पाण्यावर जगणारं, पिवळ्या फुलांचं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं काहीतरी सांगा असं कुणी विचारलं की नर्सरीवाला टेकोमाच काढून देतो. टेकोमा वाईट नाही, पण तो मूळचा अमेरिकेकडचा, आणि आपल्याच माळावर, मुरमाड बांधावर, रस्त्याच्या कडेला तरवड फुललेला असतो त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, जामखेड, आष्टी ह्या पट्ट्यात, जिथे पाऊस पाचशे मिमीच्या आसपास आणि तोही लहरी, तिथे पावसाळा सरता सरता माळाला जो पिवळा रंग चढतो त्यातला बराचसा तरवडाचा. नवरात्रात घटाच्या माळेला ही फुलं लागतात म्हणून तेवढे नऊ दिवस त्याची आठवण होते, मग वर्षभर तो नुसतं झुडूप.

शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. आयुर्वेदाच्या पुस्तकांत आवर्तकी, तमिळमध्ये आवारम, तेलुगूत तंगेडू. तेलंगणा २०१४ मध्ये वेगळं राज्य झालं तेव्हा त्यांनी हेच आपलं राज्यफूल केलं, आणि बतुकम्माच्या सणात फुलांचे थर रचतात त्यात ते लागतंच. आपल्याकडे मात्र बांध साफ करायला जेसीबी आला की सगळ्यात आधी हाच उखडला जातो.

आता कामाचं. आधी ओळख, मग लागवड, कारण ओळख चुकली तर पुढची सगळी मेहनत भलत्याच झाडावर जाते.

ओळख: फूल नंतर, पान आधी

लोक फुलाचा फोटो काढतात आणि विचारतात हे काय आहे. पिवळी पाच पाकळ्यांची फुलं ह्या गोतावळ्यात डझनभर झाडांना येतात, नुसत्या फुलावरून छातीठोक सांगता येत नाही. म्हणून झुडपाजवळ गेलात की एक फांदी हातात धरा आणि पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे बघा. तिथे दोन्ही बाजूंना छोट्या गोलसर हिरव्या पाळ्या दिसतात, कानासारख्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराच्या, आणि एका कोपऱ्यात बारीक टोक निघालेलं. ही उपपर्णं. बाकीच्या भावकीत ती बारीक दोऱ्यासारखी असतात नाहीतर लवकर गळून जातात, तरवडावर मात्र मोठी, पानासारखी, फांदीला टिकून राहिलेली. ऑरिक्युलाटा हे नावही ह्या कानांवरूनच पडलंय. ही खूण दिसली की नव्वद टक्के काम झालं.

उरलेलं दहा टक्के पानाच्या दांडीवर. पान संयुक्त असतं, चिंचेसारखं दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या जोड्या, साधारण आठ ते बारा जोड्या, प्रत्येक पर्णिका दोन-तीन सेंटीमीटरची, टोकाला बोथट पण अगदी शेवटी केसाएवढं टोक. आता दांडी उन्हाकडे धरून दोन पर्णिकांच्या मध्ये बघा, प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक उभी गाठ दिसते, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. ही ग्रंथी. एकदा दिसायला लागली की मग लांबूनही नजर तिकडेच जाते, पण पहिल्यांदा नीट दिसत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा.

फूल चार-पाच सेंटीमीटरचं, गडद पिवळं, पाकळ्यांची कड जराशी चुरगळलेली आणि आत नारिंगी शिरा. मधले पुंकेसर सगळे सारखे नसतात, खालचे मोठे वाकडे, वरचे तीन अगदी छोटे, त्यांच्यात परागही नसतो. फुलात मध नाही, येणारे येतात ते परागासाठी, आणि पराग बाहेर पडतो केसराच्या टोकाच्या भोकातून, तोही हलवल्याशिवाय नाही. म्हणून मोठा काळा भुंगा येऊन फुलाला लटकून घुंऽऽ करतो तेव्हा पराग झडतो. सकाळच्या वेळी झुडपापाशी थांबलात तर तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. गच्चीवरच्या कुंडीत फुलं भरपूर पण शेंगा नाहीत अशी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हेच, भुंगा तिथवर पोचत नाही.

शेंग चपटी, सात ते अकरा सेंटीमीटर लांब, अंगठ्याएवढी रुंद, वाळली की कागदासारखी पातळ आणि फिकट तपकिरी. आत प्रत्येक बी स्वतंत्र कप्प्यात असतं त्यामुळे वरून आडव्या खाचा दिसतात. वाऱ्यावर खुळखुळ वाजते. झुडूप साधारण कमरेपासून डोक्याएवढं, काही ठिकाणी त्याहून उंच, खोडाची साल तपकिरी. ही साल पूर्वी कातडी कमवायला वापरायचे, तिच्यात टॅनिन भरपूर असतं, दक्षिणेत तर चामड्याचा मोठा धंदा ह्या सालीवर चालायचा आणि पुढे वॅटल नावाच्या परदेशी बाभळीची साल बाहेरून यायला लागल्यावर तो मागे पडला.

ज्यांच्याशी घोळ होतो ते

टाकळा. पावसाळ्यात उगवतो, हिवाळ्यात वाळून जातो, म्हणजे बारमाही नाहीच. पर्णिका फक्त तीन जोड्या, टोकाकडे रुंद, शेंगा बारीक लांब आणि वाकड्या. विदर्भात ह्याला तरोटा म्हणतात आणि तरोटा-तरवड ऐकायला जवळचं असल्यामुळे फोनवर बी मागवलं की हमखास गडबड होते. बी मागवताना शेंगेचा फोटो मागवा.

कासविंदा. ह्याच्यावर जरा थांबतो कारण हा विषय गमतीचा नाही. हाही पिवळ्या फुलांचा, ह्याच्याही शेंगा चपट्या, पडीक जागेत तरवडाच्या शेजारीच उगवलेला असतो. पण पर्णिका चार-पाच जोड्याच आणि टोकदार, पान चुरगळलं की उग्र घाण वास, ग्रंथी एकच आणि तीही देठाच्या अगदी बुडाशी, शेंगेच्या मधोमध गडद पट्टा आणि कडा फिकट. ह्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हीवर परिणाम, बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला जायचा, नंतर तपासात निघालं की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. त्यामुळे घरात लहान मुलं असतील, आणि तुम्ही माळावरून बी गोळा करून आणणार असाल, तर ओळख शंभर टक्के पटल्याशिवाय पिशवी घरात आणू नका. आणि तरवडाचं असलं तरी बी मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही.

सोनामुखीच्या शेंगा आखूड, रुंद, पर्णिकांमध्ये ग्रंथी नाहीत. बहावा आणि कासोद ही सरळ झाडंच, त्यांच्याशी गल्लत फक्त लहान रोपात होते. टेकोमाचं फूल घंटेसारखं आणि पानाला करवतीसारखे दाते, तिथे प्रश्नच येत नाही. खरी अडचण नर्सरीत, तिथे तरवड म्हणून सेन्ना सुराटेन्सिस ठेवतात, दिसायला छान, पानंही बरीच सारखी, पण त्याच्या ग्रंथी फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांमध्येच असतात आणि उपपर्णं बारीक. कान नसतील तर तरवड नाही, सरळ हिशोब. आणि त्या सेन्नाला तरवडाएवढा दुष्काळ सोसत नाही.

बी कधी आणि कुठून आणायचं

फुलं मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळाभर, तुरळक वर्षभर. शेंगा तयार होतात जानेवारी ते मार्चमध्ये. हिरवी शेंग तोडून घरी वाळवायची नाही, बी कच्चं राहतं. झाडावरच तपकिरी होऊन कुरकुरीत झालेली घ्या. एकाच झुडपाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका, पाच-दहा झुडपांवरून थोड्या थोड्या घ्या, त्याने रोपंही एकसारखी न होता वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तोडायला जाऊ नका, बांधावर, गावरस्त्याला भरपूर असतो, मालकाला विचारलं की झालं. आणि अख्खं झुडूप खणून आणायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या, ह्याचं सोटमूळ खोल जातं, कितीही काळजीने खणलं तरी ते तुटतं आणि झुडूप मरतं.

शेंग बोटांनी उकलली की कप्प्याकप्प्यातून चपटं तपकिरी बी निघतं. त्यातल्या बऱ्याच बियांना बारीक गोल भोक असतं, कडधान्यात पडतो तसल्या भुंग्याचं. ती फेकायची. उरलेलं बी पाण्यात टाका, जे तरंगेल ते पोकळ. खाली बसलेलं पुसून सावलीत वाळवा. लगेच लावायचं नसेल तर काचेच्या कोरड्या बरणीत घाला, टरफल टणक असल्यामुळे बी सहज काही वर्षं टिकतं.

बी जागं करणं

ही पायरी गाळली म्हणून "शंभर बिया टाकल्या, चारच उगवल्या" असं होतं. टरफलातून पाणी आत शिरत नाही, निसर्गात ते ऊन-पावसाने, घासून घासून, एकेक करून वर्षानुवर्षांत उगवतं, सगळं एका वर्षी उगवून दुष्काळात जळून जाऊ नये म्हणून. आपल्याला तेवढा धीर नसतो.

दोन रस्ते आहेत. थोड्याच बिया असतील तर सँडपेपर. बी चिमटीत धरून एका बाजूने, जिथे शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडून, दोन-चार वेळा घासा, आतला फिकट रंग डोकावला की थांबा. जास्त असतील तर गरम पाणी. पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग बियांच्या पाचपट पाणी त्यांच्यावर ओता आणि रात्रभर तसंच सोडा. गॅसवर बी उकळायचं नाही, ती डाळ नाही. सकाळी बघितलं की काही बिया फुगून दुप्पट झालेल्या, काही जशाच्या तशा. फुगलेल्या लगेच लावायच्या, ठेवून दिल्या तर सडतात. न फुगलेल्या काढून त्यांना परत गरम पाणी नाहीतर सँडपेपर.

लावणी

माझं स्पष्ट मत, जमत असेल तर थेट जागेवरच बी टोका. पिशवीतलं रोप दिसायला गोड असतं पण मूळ पिशवीच्या तळाशी जाऊन गोल फिरायला लागलं की ते झाड पुढे कायम पाण्याला तुमच्या तोंडाकडे बघणार. थेट टोकलेलं बी वर दोन पानं दाखवेपर्यंत खाली वीतभर मूळ सोडतं.

थेट टोकायचं तर जूनचा पहिला चांगला पाऊस होऊ द्या, माती निदान वीतभर भिजलेली पाहिजे. हातभर व्यासाची जागा खुरप्याने मोकळी करा, गवत काढा, एकेका जागी तीन-चार फुगवलेल्या बिया एक सेंटीमीटर खोल. खत घालू नका. एक-दोन आठवड्यांत उगवतात, मधेच पावसाने ओढ दिली तर तेवढ्यापुरतं झारीने पाणी. महिन्या-दीड महिन्याने त्यातलं एक दणकट ठेवून बाकीची उपटायची नाहीत, कात्रीने कापायची, नाहीतर ठेवलेल्याचं मूळ हलतं.

पिशवीत करायची असतील तर मार्च-एप्रिलमध्ये भरा म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपं दोन-अडीच महिन्यांची होतात. पिशवी उंच पाहिजे, दहा-बारा इंच, रुंदी कमी चालेल. मातीत निम्मा बारीक मुरूम किंवा जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत, बस. कोकोपीट भरलेल्या तयार मिक्समध्ये रोपं मानेपाशी काळी पडून आडवी होतात, ही मर, आणि तिचं कारण नव्वद वेळा पाणी. वरची माती कोरडी दिसली की मगच पाणी, आणि पहिल्या दिवसापासून उन्हात. शेडनेटखाली वाढवलेलं रोप माळावर नेलं की पहिल्याच उन्हात मान टाकतं.

जागा निवडताना दोनच गोष्टी, दिवसभर ऊन आणि पाणी न साठणारी जमीन. मुरूम, खडकाळ उतार, चुनखडी, हलकी लाल माती सगळं चालतं. काळ्या चिकट रानात सपाटीला लावू नका, बांधावर किंवा पालथ्या ताटलीसारखा उंचवटा करून लावा. कोकणात, गोव्यात लावायचा असेल तर जांभ्याचा उतार बघा, तिथल्या पावसात मुळाशी पाणी थांबलं की संपलं. खरं तर तिथे लावायचा हट्टच कशाला, तिकडे तिकडची झुडपं आहेत.

कुंपणासाठी ओळ करायची तर तीन-चार फुटांवर एक, मोकळं झुडूप म्हणून हवं असेल तर सहा फूट. जनावरं, शेळ्यासुद्धा, तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, चराईच्या माळावर तो टिकून राहतो तो त्यामुळेच. तरी पहिलं वर्ष पायाखाली तुडवला जाऊ नये म्हणून भोवती काटक्या रोवा. गच्चीवर लावायचा तर सोळा इंची कुंडी किंवा उंच ग्रोबॅग, तळाला भोकं जास्त, खाली बशी ठेवायची नाही.

पाणी, म्हणजे कमी पाणी

तरवड पाण्यावाचून मरताना मी फार कमी बघितलाय, लाडाने मरताना भरपूर. पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकदा भरपूर पाणी, असं मार्च-एप्रिलपर्यंत, भर उन्हाळ्यात फार तर दहा-बारा दिवसांनी. रोज तांब्याभर पाणी घातलं की मुळं वरच्या वर राहतात. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला काही नाही. ड्रिपच्या ओळीत लावू नका, ड्रिपवर तो नुसता पाला काढतो, फांद्या लांबलचक लोंबत्या होतात, फुलं कमी.

मे महिन्यात पानं बरीचशी गळतात आणि झाड मेलं असं वाटून लोक उपटून टाकतात. आधी नखाने फांदीची साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे, जूनला फुटतो.

खताचंही तसंच. युरिया तर नकोच. शेंगांचं झाड म्हणजे मुळांवर गाठी आणि जमिनीला नत्र असं आपण धरून चालतो, पण तरवडाच्या मुळांवर तसल्या गाठी येत नाहीत, त्यामुळे "लावा आणि जमीन सुपीक करा" असं कुणी सांगितलं तर तेवढं ऐकू नका. हां, पाला कापून हिरवळीचं खत म्हणून वापरतात आणि तो उपयोग चांगला आहे, शिवाय उतारावरची माती धरून ठेवतो.

अळ्या

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, अंगाच्या कडेने एक फिकट रेघ, पानाच्या शिरेवर अशा लांब पडतात की दिसतच नाहीत. ह्या मॉटल्ड एमिग्रंट फुलपाखराच्या, पांढरट हिरवी फुलपाखरं झुंडीने उडताना दिसतात ती. मादी कोवळ्या पानावर एकेक पांढरं, उभं, गव्हाच्या दाण्याहून बारीक अंडं घालते. फवारू नका. पाच-सहा पानं खाऊन जातात, झाड परत फुटतं, आणि अळ्या दिसल्या की बुलबुल, वटवटे येतातच. फक्त अगदी लहान रोप असेल, चार-पाच पानांचं, तर अळ्या उचलून मोठ्या झुडपावर नेऊन ठेवा.

छाटणी आणि फुलं तोडणं

फुलं येतात बहुतेक दुसऱ्या पावसाळ्यानंतर. फूल नव्या फुटव्यावर येतं म्हणून दरवर्षी छाटणी पाहिजे, नाहीतर खाली काटक्या आणि वर टोकाला चार फुलं असं होतं. शेंगा काढून झाल्या की मार्चच्या आसपास तिसरा हिस्सा कापा. फारच जुनं, ओबडधोबड झुडूप असेल तर जमिनीपासून वीतभर ठेवून सगळं कापलं तरी पावसाळ्यात बुंध्यातून फुटतं. ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही, नवरात्राची फुलं गेली म्हणून समजा.

माळेसाठी तोडताना पूर्ण गुच्छ न मोडता उमललेली फुलंच खुडा, कळ्या राहिल्या की त्याच फांदीवर पुढच्या माळांची सोय होते. सकाळी लवकर तोडलेलं फूल ओल्या फडक्यात संध्याकाळपर्यंत राहतं, दुपारी तोडलेलं तासाभरात मिटतं.

फुलांचा चहा, शुगरवर काढा वगैरे व्हिडिओ खूप फिरतात. तमिळनाडूत आवारमच्या फुलांचा चहा घेतात, श्रीलंकेतही रणवरा नावाने तो घेतात, हे खरं आहे. पण म्हणून शुगरची गोळी बंद करून काढा सुरू करायचा नाही, आणि ह्या जातीच्या पाना-शेंगांनी जुलाब होतात, गरोदर बायकांनी आणि कुठलीही गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये.

गावात पाच-सहा जणांनी मिळून करायचं असेल तर गावरस्त्याच्या कडेची शे-दोनशे फुटांची पट्टी घ्या, ग्रामपंचायतीला आधी सांगा म्हणजे गवत कापणारा सगळं साफ करून टाकत नाही, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक जागेवर चुन्याने खूण केलेला एक दगड ठेवा, कारण ऑक्टोबरात गवत कमरेएवढं झालं की वीतभर रोप कुठे होतं ते सापडत नाही.